वरातीमागून

व्हॅक्यूम क्लीनर सगळ्यात आधी विकला, तिथेच आमचं चुकलं. बर्लिन सोडायला तेरा दिवस उरले होते. जाहिरात टाकून वीस मिनिटं झाली नसतील, तोवर एक मुलगा सायकलवरून आला आणि तो पाठीला बांधून घेऊनही गेला. आम्ही खूश. रात्री नवऱ्याने भाडेकरार काढून शेवटची पानं वाचली. घर परत देताना ते ‘बेझेनराइन’ असावं, असं तिथे लिहिलं होतं. बेझेन म्हणजे झाडू, राइन म्हणजे स्वच्छ. फरशी घासा, खिडक्या लख्ख करा असं काही हा शब्द म्हणत नाही. सामान हललेलं हवं आणि केर काढलेला हवा, एवढंच. पोटापाण्यासाठी मी मराठी प्रुफं तपासते, त्यामुळे असा नेमका शब्द भेटला की जीव सुखावतो. वकिली भाषेत झाडू इतक्या ऐटीत येऊन बसलाय, याचं मला फार कौतुक वाटलं. आपल्याकडे झाडू नाही, हे त्यानंतर लक्षात आलं.

नवऱ्याच्या कंपनीचं काम अठरा महिन्यांचं होतं. एप्रिलअखेर आलो होतो, पुढच्या वर्षीच्या ऑक्टोबरअखेर निघायचं. शहराच्या नैर्ऋत्येला श्टेग्लिट्स नावाचा भाग आहे, तिथे तिसऱ्या मजल्यावर आमचं दोन खोल्यांचं बिऱ्हाड. माझी प्रुफं पुण्याहून मेलवर यायची, मी खिडकीत बसून ऱ्हस्व-दीर्घ बघायची. शहर त्याने वापरलं, घर मी.

निघायच्या कामांबद्दल फार लिहीत नाही, कारण त्यात फॉर्म सोडून काही नाही. देश सोडताना सरकारदरबारी आपलं नाव काढून घ्यावं लागतं, त्याला आबमेल्डुंग म्हणतात. ती निघण्याच्या फार तर आठवडाभर आधी करता येते आणि निघाल्यावर दोन आठवड्यांच्या आत व्हावी लागते. ती झाली की विजेचं, इंटरनेटचं, महिन्याला १८ युरो ३६ सेंट घेणाऱ्या रेडिओ-टीव्हीच्या वर्गणीचं, एकेक रद्द करत जायचं. येताना भरलेल्या फॉर्ममध्ये धर्माचा रकाना होता. आम्ही भक्तिभावाने ‘हिंदू’ लिहायला निघालो, तर कळलं की तो रकाना चर्चच्या करासाठी असतो. चर्चचे सभासद असाल तर बर्लिनमध्ये आयकराच्या नऊ टक्के वर आणखी जातात. जातानाच्या फॉर्ममध्ये मुख्य प्रश्न एकच, कुठे चाललात. पुणे.

खरी गंमत फॉर्मच्या बाहेर चालली होती. या तेरा दिवसांत मला शोध लागायला लागले. दीड वर्ष जे दिसलं नाही ते भराभर दिसायला लागलं, आणि त्यातलं काहीही आता उपयोगाचं नव्हतं. सगळी वरातीमागून आलेली घोडी.

उदाहरणार्थ, हीटरची चावी. खिडकीखालच्या रेडिएटरला एक गोल बोंडूक असतं, त्यावर एक ते पाच आकडे. आम्ही त्याला गॅसच्या शेगडीचं बटण समजत होतो: थंडी फार, लाव पाचवर, लवकर तापेल. शेवटच्या आठवड्यात मीटरचे आकडे घ्यायला आलेल्या माणसाने सहज सांगितलं की तो आच कमीजास्त करणारा आकडा नव्हे. खोलीचं तापमान किती ठेवायचं ते त्यावर ठरतं. तीन म्हणजे साधारण वीस अंश, तेवढं झालं की तो आपोआप बंद होतो. पाचवर ठेवल्याने खोली लवकर तापत नाही, नुसती तापतच राहते. म्हणजे अख्खा हिवाळा आम्ही आधी भट्टी पेटवत होतो आणि मग गुदमरायला होतं म्हणून खिडकी उघडत होतो. नवऱ्याने इंजिनिअर असूनही ही गोष्ट शांतपणे ऐकून घेतली. मीही काही बोलले नाही. लग्नाला सव्वीस वर्षं झाल्यावर काही ठिकाणी न बोलणं जमतं.

दुसरं घोडं श्रीखंडाचं. इथे भाड्याच्या घरात बरेचदा स्वयंपाकघर नसतं. म्हणजे खोली असते. ओटा, कपाटं, शेगडी आधीचा भाडेकरू उचलून नेतो नाहीतर नव्याला विकतो. आम्ही ते विकत घेतलं होतं, आता पुढच्याला विकलं. भांडी न्यायला सांगलीची एक मुलगी आली, इथे एमएस करणारी. त्या दिवशी मी शेवटचं श्रीखंड करायला घेतलं होतं. नळाला फडकं बांधलेलं, त्यात दही, खाली पातेलं. ती बघतच राहिली. ‘काकू, क्वार्क का नाही घेत? आम्ही सगळे त्याचंच करतो.’

क्वार्क मी रोज बघत होते. दुधाच्या कपाटात दह्याच्या शेजारी अर्ध्या किलोचे पांढरे डबे. नावावरून मला ते चीजचं काहीतरी वाटलं होतं, आणि एकदा आणलं तेही मागर प्रकारातलं, म्हणजे साय काढलेलं, भिंतीच्या पुट्टीसारखं. मुलीने सांगितलेलं चाळीस टक्केवालं आणलं. (ते चाळीस टक्के त्यातलं पाणी सोडून मोजलेले असतात, प्रत्यक्षात स्निग्धांश अकरा-बारा टक्क्यांच्या आसपास. प्रुफं तपासणाऱ्याला तळटीप वाचल्याशिवाय चैन पडत नाही.) तासभर फडक्यात टांगलं, पुरणयंत्रातून काढलं, साखर, वेलची. चक्का, दुसरं काही नाही. वर किंचित आंबट, अगदी आईच्या हातचा असतो तसा. दीड वर्षात मी किती रात्री दही टांगून सकाळी चार चमचे चक्का काढला असेल, त्याचा हिशोब मी केला नाही.

पण या सगळ्यांत मोठं घोडं प्रुफांतून आलं.

एका लेखसंग्रहाची फाइल होती. एका पानावर ‘कैसर विल्हेल्म’ आणि त्याच पानावर खाली ‘काइझर विल्हेल्म’. कुठलं ठेवायचं ते नंतर, आधी ही संस्था नेमकी कोणती ते बघावं म्हणून शोधलं. मानववंशशास्त्र, मानवी आनुवंशिकता आणि सुप्रजननशास्त्र यांची काइझर विल्हेल्म संस्था, स्थापना १९२७. लेख इरावती कर्व्यांवर होता, म्हणजे त्या तिथे शिकल्या एवढं मला माहीत होतंच. पुण्यात वाढलेल्या माणसाला ते कुठून तरी माहीत असतं. पण माझ्या डोक्यात ‘जर्मनीत’ एवढाच पत्ता होता. समोर आला तो पूर्ण होता: ईनेश्ट्रासे २२, डालेम.

डालेम आमच्या शेजारचं. बसने पंधरा मिनिटं. आणि ती गल्ली मी पाहिलेली होती. तिथून चार-पाच मिनिटांवर थीलआले नावाच्या रस्त्यावर एक बुरूजवाली इमारत आहे, जिथे डिसेंबर १९३८मध्ये ओटो हान आणि फ्रिट्झ श्ट्रासमान यांना युरेनियमचं केंद्रक फुटल्याचं दाखवणारा प्रयोग हाती लागला. त्यांच्या ज्यू सहकारी लिझे माइटनर त्याआधी जुलैत जीव वाचवून देश सोडून गेल्या होत्या. आता इमारतीला हान आणि माइटनर अशी दोघांची नावं आहेत. पुण्याहून कुणीही आलं की नवरा त्याला तिथे नेणारच. मी तीनदा गेले आहे. तीनही वेळा आम्ही नंतर जवळच्या थीलपार्कात बसून डब्यातली पोळी-भाजी खाल्ली आणि घरी आलो.

इरावतीबाई नोव्हेंबर १९२८मध्ये आल्या. वयाला तेवीस पूर्ण व्हायला महिना बाकी होता. ज्यांनी बायकांच्या शिक्षणासाठी जन्म घालवला त्या महर्षी कर्व्यांना सुनेने परदेशी जावं हे काही पसंत नव्हतं. नवऱ्याने, दिनकररावांनी, पाठवलं, आणि पैसे जीवराज मेहतांनी कर्जाऊ दिले. नोव्हेंबरातलं बर्लिन मी पाहिलं आहे. चार-सव्वाचारला अंधार पडतो. पाऊस पडत नाही, नुसता लोंबकळत असतो. त्यात नऊवारीतली की पाचवारीतली कोण जाणे, एक मुलगी या गल्लीतून चालत प्रयोगशाळेत जाते आणि कवट्या मोजते.

कवट्याच. संस्थेचा प्रमुख ऑयगेन फिशर. त्याला वाटत होतं की गोऱ्या युरोपीय माणसांची कवटी उजवी-डावीकडे जेवढी असमान असते तेवढी इतरांची नसते, आणि त्या असमानपणाचा बुद्धीशी संबंध आहे. इरावतीबाईंनी दीडशेच्या आसपास कवट्या मापल्या. असमानपणा सापडला, सगळ्यांतच सापडला. वंशाशी त्याचा मेळ काही बसेना. तसं त्यांनी लिहून दिलं. परक्या देशात, पैसे उसने आणलेले, समोर ज्याच्या सहीशिवाय पदवी नाही असा माणूस. फिशरने पदवी दिली. दोन वर्षांत त्या परत गेल्या. त्या घरात पुढे काय झालं ते जगाला माहीत आहे: नाझींच्या वंशधोरणाला शास्त्राचा शिक्का तिथून मिळाला, आणि युद्धाच्या काळात ऑश्विट्झच्या छळछावणीतून तिथला डॉक्टर मेंगेले याने पाठवलेले मानवी अवशेष तिथे पोचत होते. २०१४मध्ये जवळच खोदकाम करताना हाडांचे तुकडे निघाले, पुढच्या उत्खननात हजारो. मार्च २०२३मध्ये, म्हणजे आम्ही यायच्या महिनाभर आधी, ते डालेमच्या दफनभूमीत पुरले गेले.

मंगळवारी दुपारी मी एकटीच गेले. साधी दुमजली-तिमजली इमारत, आता विद्यापीठाच्या राज्यशास्त्र विभागाकडे. दारापाशी एक पाटी आहे, १९८८मध्ये बसवलेली. फिशरचं नाव, त्याच्यानंतरच्या संचालकाचं नाव, मेंगेलेचं नाव. इरावतीबाईंचं पाटीवर नाव नाही, आणि असायचं कारणही नाही. ती पाटी गुन्ह्याची आहे. तरी मी वेड्यासारखी दोनदा वाचली. पायऱ्यांवर एक मुलगा सँडविच खात बसला होता, त्याने मला वाट करून दिली, आत जायचं असेल असं समजून.

तिथूनच आईला फोन लावला. तिकडे संध्याकाळ झाली होती. तिला सगळं सांगितलं, कवट्या, पाटी, गल्ली. तिने शांतपणे ऐकलं. मग म्हणाली, ‘इरावतीबाईंना मी डेक्कनवर स्कूटरवरून जाताना पाहिलंय. मी शाळेत होते. आम्ही सगळ्या मुली थांबून बघायचो.’ थोडं थांबून, ‘मग दीड वर्ष तू काय बघत होतीस गं तिथे?’

काय उत्तर देणार. पत्ता शुद्ध करून प्रुफं पाठवली. ‘काइझर’ ठेवलं.

झाडू राहिलाच. शनिवारी खालच्या मजल्यावरच्या आजींकडे मागायला गेले. ‘आजी’ हे माझ्या मनात. तोंडाने फ्राउ आणि पुढे आडनाव. वय एकोणऐंशी, कणा ताठ, जिन्यात भेटल्या की हवेबद्दल एक वाक्य आणि चांगल्या दिवसाच्या शुभेच्छा. दीड वर्षात आमचं याच्या पुढे गेलं नव्हतं. मी त्यांना थोडी भ्यायचेही, कारण कुकर. इथे रात्री दहा ते सकाळी सहा शांतता, रविवारी दिवसभर शांतता. पहिल्याच आठवड्यात कुकरची शिट्टी झाली तेव्हा मला वाटलं आता पोलीस येणार. तेव्हापासून मी स्वयंपाकघराचं दार लावून, खिडकी लावून, रविवारी वरण-भात पातेल्यात शिजवत आले होते.

झाडू लगेच मिळाला. लाकडी दांड्याचा, घोड्याच्या केसांचा, माझ्यापेक्षा उंच. मी निघणार तोच त्या म्हणाल्या, कॉफी घ्या. आणि कॉफी ओतून झाल्यावर, बराच वेळ मनात धरलेला प्रश्न विचारावा तसं: ‘तुमची ती किटली. ती तीनदा ओरडून गप्प का होते?’

मी कुकर समजावला. डाळ, भात, वाफ, तीन शिट्ट्या. माझी जर्मन भाषा शिट्टीपाशी संपली म्हणून तोंडाने वाजवून दाखवली. त्या हसल्या नाहीत, मान डोलावली. म्हणाल्या, ‘मी तीन मोजते. मग मीही बटाटे चढवते.’ फेब्रुवारीत आम्ही चार दिवस प्रागला गेलो होतो. तेव्हा शिट्टी नाही म्हणून त्या तिसऱ्या दिवशी वर येऊन आमच्या दाराला कान लावून गेल्या होत्या. घंटा वाजवली नाही, उगाच त्रास नको म्हणून. आणि मी इथे दारंखिडक्या लावत बसले होते.

दुसरा कप घेताना त्यांनी कप उचलला, स्वतःचं पहिलं नाव सांगितलं आणि म्हणाल्या, आता आपण ‘डू’ म्हणू या. डू म्हणजे तू. इथे हे असं रीतसर होतं. वयाने मोठ्याने आधी म्हणायचं, धाकट्याने स्वीकारायचं, मग मागे फिरता येत नाही. निघायला चार दिवस असताना मला एकोणऐंशी वर्षांच्या बाईला अगं-तुगं करायची मुभा मिळाली होती. माझी पंचाईत झाली. आमच्या घरात आईला तू, आजीला तू, विठोबाला तर थेट अरे. बाबांना मात्र अहो. म्हणजे तू म्हणायला अडचण नव्हती, उलट तेच जवळचं. पण नुसत्या नावाने हाक मारायची? आजीला कोणी नावाने हाक मारतं का? शेवटी तोडगा काढला: डू म्हणायचं आणि हाक मारायचीच नाही. तिला ते चाललं. इथून पुढे मीही तिला एकेरीतच लिहिते, ठरलंय तसं.

मी तिला सांगितलं की आम्ही घरी पोचू त्याच्या दुसऱ्या दिवशी लक्ष्मीपूजन, आणि त्या दिवशी आमच्याकडे नवी केरसुणी आणून तिला हळदकुंकू वाहतात. तिने भिंतीला टेकलेल्या झाडूकडे पाहिलं. ‘मग हा उभा ठेवलेला चालतो का?’ मी म्हटलं, खरं तर आडवा ठेवतात. तिने उठून तो आडवा ठेवला.

रविवारी पहाटे घड्याळं तासभर मागे गेली. भारताशी साडेतीन तासांचं अंतर साडेचार झालं. मिळालेला तास नवऱ्याने खिळ्यांची भोकं बुजवण्यात घालवला. तो पांढरी पुट्टी भरत होता आणि मी त्याला क्वार्क म्हणत होते, जे त्याला आता तितकंसं विनोदी वाटत नव्हतं. दुकानं उघडल्यावर बाल्कनीतल्या रिकाम्या बाटल्या तिथल्या यंत्रात घातल्या: बिअरच्या बाटलीला आठ सेंट, एकदा वापरायच्या प्लॅस्टिकच्या बाटलीला पंचवीस. नऊ युरो निघाले. त्याची भाजी घ्यायला रात्हाउस म्हणजे नगरपालिकेची कचेरी, तिच्याजवळच्या चौकात गेले. तिथे बाजाराच्या मधोमध एक आरशाची लांबलचक भिंत आहे, १९९५मध्ये उभारलेली. त्यावर ओळीने नावं कोरली आहेत, याच शहरातून धरून नेलेल्या ज्यूंची, जन्मतारखा आणि राहते पत्ते यांसह. नावं वाचायला गेलं की त्यांच्यामधून आपलं तोंड दिसतं आणि मागून पिशव्या घेऊन जाणारी माणसं. या भिंतीसमोरून मी शेकडो वेळा गेले असेन. आमच्या रस्त्याचं नाव तिच्यावर आहे का, हे शोधायचं मला त्या दिवशी सुचलं. होतं.

घर द्यायच्या दिवशी सकाळी मी झाडू मारला. कपाटांच्या मागून मोहरी निघाली, एक उदबत्तीचं घर, लाल पेनचं टोपण. मालकांच्या वतीने आलेल्या माणसाने मीटरचे आकडे लिहिले, किल्ल्या मोजल्या, भिंतींवरून हात फिरवला आणि ‘बेझेनराइन’ असं लिहून खाली सही घेतली. मग खाली जाऊन त्याने घंटेच्या फळीवरची आमच्या आडनावाची चिठ्ठी काढली. इथे इमारतीला नंबर असतो, आतल्या घरांना बहुतेक नसतो, घंटेवरचं नाव हाच पत्ता. चिठ्ठीच्या मागे आणखी एक चिठ्ठी निघाली, आमच्या आधीच्यांची. तिच्या मागे अजून एक, पिवळी पडलेली. त्याने तिन्ही खिशात घातल्या.

टॅक्सीला वीस मिनिटं होती. झाडू परत द्यायला गेले, सोबत पितांबरीचं अर्धं पाकीट. येताना देवाच्या भांड्यांसाठी आणलं होतं. भांडी बॅगेत गेली, पूड नेण्यात अर्थ नव्हता, टाकवतही नव्हती. आमच्या दारासमोर फूटपाथमध्ये दोन पितळी चौकोन बसवलेले आहेत, दहा सेंटिमीटरचे. नाझींच्या अत्याचाराला बळी पडलेल्यांच्या आठवणीसाठी गुंटर डेमनिग नावाच्या कलावंताने सुरू केलेले हे दगड युरोपभर एक लाखाच्या वर झाले आहेत. आमच्या दारातले एका जोडप्याचे. ‘इथे राहत होते’ अशी सुरुवात, मग नाव, जन्मसाल, धरून नेल्याचं वर्ष १९४२ आणि छावणीचं नाव, थेरेझिएनश्टाट. आदल्या नोव्हेंबरच्या नऊ तारखेला, म्हणजे १९३८मध्ये जर्मनीभर ज्यूंवर हल्ले झाले त्या रात्रीच्या स्मृतिदिनी, मी खालच्या आजीला खिडकीतून पाहिलं होतं, गुडघ्याखाली उशी घेऊन ते घासताना. तेव्हा मला वाटलं होतं, नगरपालिकेने काम दिलं असेल.

मी पाकिटावर जर्मनमध्ये लिहिलं होतं कसं वापरायचं ते. तिने चष्मा लावून वाचलं, माझ्या दोन चुका सांगितल्या, आणि मग कोट घालून, उशी घेऊन माझ्याबरोबर खाली आली. नऊ तारखेला अजून दहा दिवस होते. भुरभुर पाऊस पडत होता, म्हणजे पाणी आणायला नको. मीही खाली बसले.

‘किती?’ तिने विचारलं.

‘चिमूटभर,’ मी म्हटलं, आणि चिमूट म्हणजे किती ते बोटांनी दाखवलं.